निळ्या गाडीच्या तापाविषयी

बसवनगुडी, बंगळूर
नोव्हेंबर १९९६, रविवार

तीर्थरूप कस्तुरात्या,

रत्नाकरचा साष्टांग नमस्कार. (यातलं साष्टांग मनातल्या मनात धरावं. गेला आठवडाभर गाडीखाली उताणं पडून कंबर अशी धरली आहे की वाकलो तर उठवायला माणूस लागेल.) मिरजेत थंडी पडू लागली असेल, तुमचे गुडघे काय म्हणतात ते कळवा. शुभदा उत्तम आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात बाळ आता कुठल्याही दिवशी, आणि ते इतकं हसून म्हणतात की त्यांनी आमची गाडी पाहिलेली नाही हे उघड आहे.

गाडी तुम्ही दसऱ्याला पाहिलीतच. त्या चिक्कमगळूरच्या त्रिविक्रमकडून घेतलेली, जुनी, निळी, डिझेलवाली. घाट चढताना मागचं कुणी पुढे गेलं तर त्याला अपमान वाटायचा, म्हणून त्याने इंजिनला बाहेरून टर्बो बसवून घेतला. तुम्ही टर्बो म्हणजे काय विचारलं होतंत आणि मी वायुदाबावर व्याख्यान दिलं होतं. खरं तर फुंकणी म्हणालो असतो तरी पुरलं असतं. चुलीला फुंकणी घातली की जाळ वाढतो, तसंच. फक्त चूल फुंकून झाली की आपण थांबतो, हा थांबत नाही. अशी गाडी का घेतली, असं तुमच्या मनात आलं असेल (शुभदाच्या मनात ते रोज येतं). कारण आमच्या कारखान्याचा दवाखाना विमानतळाच्या पलीकडे, मारतहळ्ळीच्या वाटेवर, आणि इथला रिक्षावाला शुभदाचं पोट पाहतो, ठिकाण ऐकतो, ‘बरल्ला’ म्हणतो आणि निघून जातो. बरल्ला म्हणजे येणार नाही. हा शब्द आता माझ्या कानात घुमतो. तेव्हा ऐन वेळी भरवसा या गाडीचाच, आणि तिला दसऱ्यापासून ताप येतो.

तापही कसा, तर लबाड. गांधीबाजारातून भाजी आणा, बैलांच्या मागे रांगत जा, तापमानाचा काटा जागचा हलत नाही. मोकळ्या रस्त्याला लागून जरा वेग घेतला की काटा चढायला लागतो. घाबरून थांबावं, बॉनेट उघडून डोकं आत घालावं, की हळूहळू खाली. दवाखान्याच्या पायरीवर मुलाचा ताप उतरतो आणि आपण डॉक्टरांसमोर खोटे पडतो, तशी माझी गत झाली. मी विमानांची इंजिनं तपासून पगार घेतो हे गॅरेजवाल्या हयवदनला ठाऊक आहे, त्यामुळे तो माझ्याशी फार अदबीने बोलतो आणि ती अदब मला सहन होत नाही. त्याने आधी थर्मोस्टॅट काढला. (तो म्हणजे पाण्याचा दरवान, तापल्याशिवाय कुणाला सोडत नाही.) मग पाण्याचा पंप बदलला, मग वाऱ्यावर पाणी गार करणारा रेडिएटर आतून असा धुतला की त्यातून तांबडा चहा निघाला. गाडी तापतच राहिली. प्रत्येक दुरुस्तीनंतर तो ‘आता सरी (म्हणजे ठीक) आहे सार’ म्हणे आणि प्रत्येक वेळी मी विश्वास ठेवी, कारण न ठेवून जाणार कुठे.

दरम्यान मला आठवलं की गाडीतला हीटर पूर्ण सोडला तर इंजिनची उष्णता आत खेचली जाते आणि वेळ निभावते. म्हणून परवा कनकपुरा रस्त्यावर आम्ही तिघं निघालो, मी, मागे हयवदन आणि पुढे शुभदा (तिला घरी एकटं ठेवायचं नाही हा तुमचाच हुकूम). नववा महिना, दुपारचं ऊन, काचा बंद आणि हीटर पूर्ण. थोड्या वेळाने शुभदाने नाक वर केलं आणि म्हणाली, “कुणीतरी वाटणाचं खोबरं भाजतंय.” त्या माळरानावर घर नव्हतं, चूल नव्हती. मी हयवदनकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे, आणि आम्ही दोघांनी समजूतदारपणे मान हलवली, की असतात डोहाळे. मात्र त्याचा चेहरा उतरला. गोडसर वास म्हणजे पाणी इंजिनात शिरतंय, ते अडवणारं हेड गॅस्केट गेलं, आता इंजिन खाली उतरवून पूर्ण खोलावं लागणार, असं त्याचं निदान पडलं. खोललेली गाडी पुन्हा जोडेपर्यंत बाळ रांगायला लागेल. ती रात्र मी छताकडे बघत काढली, आणि शुभदा मात्र एकच सांगत राहिली की हा इंजिनाचा वास नाही.

असो. काकांना नमस्कार. काळजी नसावी. (ती सगळी इथे आहे.)

आपला,
रत्नाकर

ता. क. वर जे लिहायला घेतलं होतं ते राहिलंच. फोनवर बोलता आलं असतं, पण तुमचा फोन शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात आणि विषय ओरडून सांगण्यासारखा नाही. काल मी पुढच्या जाळीतून बॅटरीचा उजेड टाकला. आयुधपूजेच्या दिवशी तुम्ही जाळीमागे, कुणाची दृष्ट पडू नये म्हणून अगदी खोल, खणात गुंडाळलेला जो नारळ बांधलात, तो आहे, सुखरूप आहे, पण खण सुटला आहे. वेग घेतला की वारा तो खण रेडिएटरवर चापून बसवतो, थांबलं की खण खाली पडतो. नारळ टर्बोच्या गरम नळीला टेकून भाजतोय. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आता सोडवायला दोन मिनिटं लागतील. पण तुम्ही बांधताना म्हणाला होतात, “बाळ घरी येईपर्यंत हा गाडीपासून हलवायचा नाही.” मी हात घातला होता, तर शुभदा (जी उपासही धरत नाही) म्हणाली, आत्यांना विचारल्याशिवाय नको. मग माझाही धीर होईना. आईनंतर तुम्हीच वाढवलंत, तुमचा शब्द मोडून मी तिला गाडीत कसा बसवू? आणि न मोडता दवाखान्यात कसा पोचवू? तरी परवानगी द्यावी, ही विनंती.

ता. क. दुसरा. पत्र पेटीत टाकायचं राहिलं आणि सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास कळा सुरू झाल्या. मी जाळीसमोर गुडघे टेकून नुसता बसलो होतो. शेवटी शुभदाच जिन्याचा कठडा धरून म्हणाली, “गाडीपासूनच हलवायचा नाही ना? माझ्या ओटीत दे.” मी गाठ कापली, खण झटकला आणि तो काळा पडलेला, खरपूस वासाचा नारळ तिच्या ओटीत ठेवला. विमानतळाच्या रस्त्यावर मी गाडी हाणली तशी त्रिविक्रमनेही हाणली नसेल. काटा मधोमध राहिला. मी सारखा त्याच्याकडे बघत होतो, आणि ती म्हणत होती रस्त्याकडे बघ.

मुलगी झाली. दोघी छान आहेत. मी खूप रडलो, तेही कळवून टाकतो.

ता. क. शेवटचा, आणि खरं विचारायचं ते हे. दवाखान्याच्या दारात शुभदा नारळ सोडेना. नर्सबाईंनी दोनदा मागितला, मीही मागितला, पण ती तो घट्ट धरून तशीच आत गेली. मुलगी झाल्यावरच तो माझ्या हाती आला आणि मी तो पळत नेऊन पुन्हा गाडीत ठेवला. तर मधला तेवढा वेळ तो गाडीपासून लांब होता, त्याचं काय? बाळ गुरुवारी घरी यायचं आहे. हे पत्र तुम्हाला मिळेल तोवर ते आलेलंही असेल, तेव्हा तुमच्या उत्तराचा काही उपयोग होणार नाही, हे मला इंजिनिअर म्हणून समजतं. तरी उलट टपाली कळवा. गाडी आता तापत नाही, पण मला झोप नाही.