ग्लासभर ग्लुकोजचं पाणी

११ एप्रिल

दाजीनं आज अक्काच्या थोबाडीत मारली. माझ्या डोळ्यासमोर. सहाव्या महिन्यातल्या बाईला!

आणि मी? गाडीला किक मारली. पेटीत बर्फ, बर्फात रक्ताच्या बाटल्या, बारामतीला वेळेत पोचायचं होतं. नोकरी म्हणे. आयटीआय सोडल्यापासून भिगवणला मासळीसाठी बर्फ फोडला, डीजेच्या टेम्पोवर गेलो, ऊसतोडीच्या मशीनवर बसलो, कुठं टिकलो नाही. ही त्यातल्या त्यात बरी. इंदापूरकडच्या गावांतून गरोदर बायांचं रक्त गोळा व्हायचं, ते मी बारामतीत मेघना मॅडमकडं न्यायचं. त्या साखरेच्या आजारावर शोध करतात.

भांडण कशाचं, तर महिन्याखाली अक्काची तपासणी झाली. ग्लुकोजचं पाणी प्यायचं, दोन तासांनी रक्त द्यायचं. ते पाणी मीच ढवळलं होतं, वर लिंबू पिळून. साखर निघाली. पथ्य केलं तरी हटेना, म्हणून इन्सुलिन भरलेल्या सुया दिल्या. तिची सासू तुळसाआत्या पळसदेवभर सांगत सुटलीय— ह्यांनीच पाजली, आन हेच म्हणत्यात साखर झाली! समाधानदाजीला ते पटलं. अक्का म्हणाली, मी सुई घेणार. म्हणून मारली.

१२ एप्रिल

मॅडमला विचारलं, एका ग्लासानं साखर होती का? मला वाटलं हसतील. हसल्या नाहीत. म्हणाल्या, चांगलं शरीर तेवढी साखर दोन तासांत जिरवतं. ज्याची जिरत नाही ते उघडं पडतं, एवढंच.

मग चरबीवर आल्या. मला वाटायचं चरबी म्हणजे नुसतं थिजलेलं तूप. तसं नाही. ती रक्तात रस सोडते. एका रसाचं नाव ॲडिपोनेक्टिन (तीनदा लिहून पाठ केलं). हा साखर जिरवायला मदत करतो. पोटुशी बाईचा तो कमी होतो, काहींचा फारच. दुसरे रस उलटे ओढतात, बाळाला पोसणाऱ्या वारेचेही. माझ्या पेटीतल्या रक्तात त्या हेच मोजतात. मी म्हणालो, अक्का तर काडी हाय, तिला कुठली चरबी? म्हणाल्या, वरून काडी असली तरी आत आतड्याभोवती असते, आपल्याकडं लई जणांना.

आणि सुई नाहीच घेतली तर? बाळ आत फुगतं. बाळंतपणात अडतं. कधी पोटातच जातं.

येताना कुत्रं आडवं आलं, लाथ घातली. कुत्र्याचा काय दोष.

१४ एप्रिल

वडगावात मिरवणूक. लई नाचलो. शेळगावच्या एका पोराशी उगाच भिडलो. ओठ फुटला. बरं वाटलं.

१७ एप्रिल

अक्काच्या घरी फ्रीज नाही. सुयांचा डबा तिनं माठाच्या बुडाशी ओल्या फडक्यात लपवला होता. दाजीला घावला. त्यानं धुण्याच्या दगडावर एकेक सुई ठेवून वरवंट्यानं फोडली. मी पोचलो तर दगडावरून औषध ओघळत होतं, अंगणाला दवाखान्याचा वास.

मी हेल्मेट हाणलं. त्याचा दात पडला. त्यानं मला केसाला धरून धरणाच्या पाण्यापर्यंत फरफटत नेलं आणि तोंड बुडवलं. वर काढायचा, विचारायचा, "परत पाजशील?" परत बुडवायचा. एकदा वर आलो तर समोर ते धरणात बुडालेलं जुनं देऊळ— पाणी उतरलंय ना, पार पायऱ्यांपर्यंत उघडं. मनात आलं, एकदा नावेनं जाऊन बघायला पाहिजे. मरत होतो आणि हे!

शेजारचे रामभाऊतात्या तिथंच जाळ्यातून मासे सोडवत बसलेले. मान वर न करता म्हणाले, "समाधान, हितं नगं बुडवू. मासं पळत्यात."

तेव्हा कुठं त्यानं सोडलं.

१८ एप्रिल

कानात पाणी. जाईना.

२३ एप्रिल



मॅडमकडून नवीन सुया आणि साखर मोजायचं यंत्र घेतलं आणि अक्काच्या अंगणात गेलो. आज हाणामारी करायची नाही असं ठरवलेलं. माणसं जमली तसं म्हणालो, ह्या पाण्यानं साखर होत असंल तर मी पितो, तुमी बघा. चोवीस वर्षांचा गडी, मला काय होतंय! ग्लुकोजची पुडी फोडली, ढवळली, घटाघटा प्यालो.

दोन तास कोणी हललं नाही. तुळसाआत्यानं तिथंच मेथीच्या जुड्या बांधल्या. अक्कानं चहा आणला तर रामभाऊतात्या म्हणाले, "त्याला नगं देऊ गं, आधीच ग्वाड झालाय." सगळे हसले. मीही.

बोट टोचलं. यंत्रावर आकडा— २३१. एकशेचाळीसच्या आत पाहिजे होता.

आधी मोजायला पाहिजे होतं. प्यायच्या आधी! एवढी साधी गोष्ट.

तुळसाआत्या आरडली नाही. हळूच म्हणाली, "एका गिलासात. बघा, माझ्या सुनंचं काय केलंय ह्यांनी."

मग सुटलेच. दाजीनं गाडीवरची भरलेली पेटी उचलून आपटली. बाटल्या फुटल्या, कुणाकुणाच्या लेकीसुनांचं रक्त धुरळ्यात, त्यावर चपला. माझ्या पाठीत लाकूड बसलं. कुडाला खोचलेला कोयता माझ्या हातात कसा आला, आठवत नाही. दाजीची मानच दिसत होती फक्त. मी उगारला, आणि मधी अक्का. कोयता तिच्या पोटापासून वितीवर थांबला.

ती कोयत्याकडं बघतच नव्हती. खाली पडलेलं यंत्र तिनं उचललं आणि आकडा गेला तरी बघत राहिली.

२४ एप्रिल

मॅडमनी उपाशीपोटी तपासलं. १६८. कालच्या पाण्याचा संबंध नाही म्हणाल्या. मला आधीपासूनच आहे, कधीपासून ते माहीत नाही. मग फुटलेल्या बाटल्यांचे नंबर एकेक करून वहीतून खोडले. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणजे मीच, माझ्याच रक्तानं, दाजीला खरं ठरवून आलो. आता कोण देईल अक्काला सुई घेऊ?

भिंतीवर मूठ मारली. दोन बोटं सुजली.

२६ एप्रिल

गाडीत पेट्रोल भरलं. बाटलीतही घेतलं. दाजीचं छप्पर उसाच्या पाचटाचं आहे, एक काडी पुरे. अक्काला आधी बाहेर काढायची. सकाळी निघायचं.

२७ एप्रिल

मी निघायच्या आत अक्का दारात. पळसदेवहून एकटी, एसटीनं. गालावर बोटं उठलेली. बाटली बघितली, काही न विचारता मोरीत ओतली.

म्हणाली, "तितं समद्यांनी गिलास बघितला. मी तुला बघितला. आपल्या आईचा पाय ह्याच साखरंनं कापला, घोष्या. तिला कुणी पाजलं हुतं पाणी?"

मग त्या नव्या सुयांतली एक माझ्या हातात दिली आणि पोटावरचा पदर सारला.

"टोच. मग तुझं बघू."