वयोगट सोळा ते चोवीस

बाबा, तुम्ही भरून दिलेला फॉर्म मी मोजला नव्हता. तुम्ही विचारलंत तेव्हा "हो, सगळ्यांबरोबर जमा केला" असं मी म्हणाले होते, आणि ते खोटं होतं. तुम्हाला ते कळलं होतं, हेही मला माहीत आहे. आपण दोघं त्यावर कधी बोललो नाही. आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी हे लिहायला बसले आहे. मराठीत लिहिते आहे, कारण हिंदीत लिहिलं तर ते ऑफिसातल्या कुणाला तरी सांगितल्यासारखं वाटेल. चुका असतील. प्रत्येक ओळ दोनदा वाचते आहे, आणि दुसऱ्यांदा वाचताना नेहमी काहीतरी सापडतं.

मला अक्षरं तुम्हीच शिकवलीत. लहानपणी मला दम्याचा त्रास होता, म्हणून शाळेत नाव उशिरा घातलं, आणि दोन वर्षं खमरियाच्या फॅक्टरी-क्वार्टरचं स्वयंपाकघर हीच माझी शाळा होती. तुम्ही फॅक्टरीतून येता, हातपाय धुता, आई चहा ठेवते, आणि तुम्ही माझ्यासमोर मांडी घालून बसता. स्टीलच्या पट्टीने समास आखल्याशिवाय पहिलं अक्षर काढायचं नाही. हिंदी शाळेत शिकशीलच, असं म्हणून तुम्ही मराठी आधी घेतलीत, आणि पुस्तक म्हणून तुमची गाण्यांची वही पुढे ठेवलीत. विहारात जयंतीला आणि बुद्धपौर्णिमेला तुमची पार्टी जी भीमगीतं गायची, ती सगळी त्या वहीत होती, चौकोनी अक्षरात, एकेक कडवं मोजून लिहिलेली. तुम्ही माझ्यावर रागावलात ते एकदाच. मी चुकलेलं पान फाडून चुलीमागे लपवलं होतं. तुम्ही ते शोधून काढलंत, हाताने सरळ केलंत आणि म्हणालात, "फाडायचं नाही. खोडायचं. खोडलेलं दिसलं पाहिजे." त्या दिवसापासून मी कागद फाडलेला नाही. 

पार्टीत तुम्ही कोरसला होता. पुढे हार्मोनियम घेऊन मुख्य गायक काका, बाजूला ढोलकवाले, आणि मागे फॅक्टरीतलेच सहा-सात जण टाळ्या देत ओळ उचलणारे, त्यांत तुम्ही. पत्रकावर काकांचं नाव मोठ्या अक्षरात आणि त्याखाली फक्त 'एंड पार्टी' असं छापलेलं असायचं. आई पाहुण्यांना हसत सांगायची, "आमच्या घरी 'एंड पार्टी' राहते. जेवायला पण मागच्या लाइनीत बसते." तुम्हीही हसायचात.

मग मी डिझाइनच्या कॉलेजात गेले, आणि दुसऱ्या वर्षाला ते काम आलं. संगीताचं एक मासिक तयार करायचं: मुखपृष्ठ, अनुक्रम, आतली आठ पानं. पण त्याआधी ते कुणासाठी आहे हे ठरवायचं. सर वर्गात फिरत एकेकाला विचारत होते, "सब पढ़ेंगे, ये मत बोलना। एक आदमी बताओ। कौन है वो?" मी घाबरून म्हणाले, कॉलेजची मुलं, सोळा ते चोवीस. सरांनी वहीत लिहून घेतलं आणि सांगितलं, मग आता त्याच वयाच्या तीस जणांकडून फॉर्म भरून आण, त्यांना काय आवडतं ते विचार, आणि पानं त्यावरून कर. एवढंच. मी घरी येऊन फॉर्म तयार केला. वयासाठी तीन चौकोन, शेवटचा चोवीसपर्यंतचा, त्याखाली सात प्रश्न. 

एकोणतीस फॉर्म कॉलेजातच झाले. तिसावा मी स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवला होता, सकाळी कुणाला तरी देऊ म्हणून. तुम्ही चष्मा लावून तो उचललात.

"वाचू तर दे, काय विचारून राहिली लोकांले."

आई पोळ्या लाटत होती. "अहो, ते कॉलेजच्या पोरांसाठी आहे. तुम्ही काहून भरून राहिले?"

"गाणं ऐकाले वय लागते का?"

"गाण्याले नाही लागत, फॉर्मले लागते."

"अच्छा? चलो, मग फॉर्मची सोय करतो," असं म्हणून तुम्ही पट्टी मागितलीत. मला वाटलं तुम्ही थट्टा करताय. पण तुम्ही चोवीसच्या चौकोनाशेजारी अगदी त्याच मापाचा चौथा चौकोन आखलात, त्याच्यापुढे 'चोवीसच्या वर' असं लिहिलंत आणि त्यात खूण केलीत. मग खाली उतरत गेलात. संगीत कशावर ऐकता, या प्रश्नापुढे तुम्ही लिहिलंत, 'ऐकणे कमी, गाणे जास्त.' महिन्याला किती वेळा कार्यक्रमाला जाता, तर 'बोलावतील तेव्हा.' शेवटचा प्रश्न होता, अशा मासिकात तुम्हाला काय वाचायला आवडेल. तिथे तुम्ही बराच वेळ पेन धरून बसलात. आईने दोनदा ताट वाढू का विचारलं. मग लिहिलंत, 'मागे कोरस धरणाऱ्यांची नावे. कोण कुठल्या सेक्शनमध्ये काम करतो तेही.' फॉर्म मला परत देताना म्हणालात, "तुझे तीस झाले ना बेटा? आता झोप नीट."

दुसऱ्या दिवशी कॉलेजात मी गठ्ठ्यातून तो बाजूला काढला. नियमाने तो बसत नव्हता. वयोगट मीच सांगितला होता, सरांनी लिहून घेतला होता, आणि एक चुकीचा फॉर्म घालून तीस म्हणणं मला खोटेपणा वाटत होता. हे कारण खरं आहे. पण मला हेही आठवतं, की सर फॉर्म चाळतील, तुमची ती ओळ वर येईल, सर ती मोठ्याने वाचतील आणि वर्ग हसेल, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर आलं होतं. आणि ते आल्यावर मला नियम आठवला. आधी नाही.

मग एक फॉर्म कमी पडला म्हणून मी अधारतालला गेले, मेन रोडवरच्या एका कोचिंग क्लाससमोर उभी राहिले आणि बाहेर पडणाऱ्या एका मुलीला थांबवलं. तिने कानातला इअरफोनही काढला नाही. उभ्या उभ्या, माझ्या पाठीवर कागद ठेवून तिने मिनिटभरात तो भरला. शेवटच्या प्रश्नापुढे तिने लिहिलं होतं, 'कुछ भी'. तो मी मोजला.

त्याच आठवड्यात तुम्ही विचारलंत आणि मी ते खोटं बोलले. तुम्ही खूश होऊन रविवारी माझ्याबरोबर भेडाघाटला आलात. मुखपृष्ठासाठी फोटो हवा होता: माझी मैत्रीण गिटार घेऊन, मागे नदीकाठचा संगमरवराचा कडा. ऊन एका बाजूने पडत होतं आणि तिचा अर्धा चेहरा काळा येत होता. उजेड परतवायला पांढरं काहीतरी लागतं, असं मी आदल्या दिवशी बोलले होते. तुम्ही स्कूटरला बांधून थर्माकोलची शीट आणली होती, दाराएवढी. दोन तास तुम्ही ती डोक्याच्या वर धरून उभे. मी म्हणते, बाबा, थोडं डावीकडे, तुम्ही डावीकडे सरकता. मी म्हणते, आता खाली, तुम्ही गुडघ्यावर बसता. नावेवाला खालून ओरडतो, "बाबूजी, क्या बेच रहे हो?" आणि तुम्ही शीटच्या आडूनच ओरडून सांगता, "धूप! लोगे क्या?" सगळी नाव हसते. त्या फोटोत मैत्रिणीच्या डाव्या गालावर जो उजेड आहे तो तुम्ही धरलेला आहे. अजून तो फोटो माझ्याकडे आहे. शीटची एक कड त्यात येत होती, ती मी कापली.

त्यानंतर काही दिवसांनी एका संध्याकाळी मी पलंगावर पानांचे कच्चे आराखडे मांडून बसले होते, कुठे फोटो, कुठे मजकूर, पेन्सिलीने आखलेले चौकोन. कागद वाया घालवायचा नाही म्हणून मी जुन्या कागदांच्या पाठीवर काम करत होते. तुम्ही आलात, कौतुकाने एकेक उचलून पाहायला लागलात, आणि एक कागद खिडकीकडे धरलात. मागची निळी शाई आरपार दिसत होती. तुम्ही तो उलटा केलात. तुमचाच फॉर्म होता. मी फाडला नव्हता ना, तुम्ही शिकवलं तसंच.

तुम्ही तो पुन्हा सरळ केलात, पेन्सिलीची बाजू वर, आणि हातभर लांब धरून पाहिलात. "हे पान चांगलं जमून राहिलं," असं म्हणालात. "मोकळं दिसते." मग थोड्या वेळाने, जणू आत्ताच आठवल्यासारखं, "सोळा ते चोवीस होतं ना? मग बरोबर आहे. मीच मधात घुसलो." आणि आईला हाक मारलीत, "चहा झाला का वो?"

बाबा, तुम्ही रागावायला हवं होतं. पान फाडलं होतं तेव्हा रागावलात, मग तेव्हा का नाही? हा प्रश्न मी इतक्या वेळा विचारला आहे, की आता मला त्याचं उत्तर नकोसं झालं आहे. तुम्हाला वाईट वाटलं नाही, असं आई म्हणते. तिला ही गोष्ट मी अर्धीच सांगितली आहे.

मासिक छापून आलं, एकच प्रत, मधे दोन पिना मारलेली. सरांना आवडलं. मी ते घरी आणलं तेव्हा तुम्ही हात साबणाने धुऊन, पंच्याला पुसून, मग हातात घेतलंत. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलंत, जाहिरातींसकट, ज्या मीच खोट्या खोट्या केल्या होत्या. मागच्या पानावर ज्यांनी मदत केली त्यांची नावं होती. मैत्रीण, तिची गिटार देणारी तिची बहीण, प्रिंटिंगवाले भैया, सर. तुम्ही त्यांच्यावरून बोट फिरवत खालपर्यंत गेलात. मग म्हणालात, "सगळी आली. स्पेलिंग पण बरोबर आहेत." तिथे तुमचं नाव टाकू नको असं मला कुणी सांगितलं नव्हतं. तिथे वयोगट नव्हता. मला सुचलंच नाही, बाबा. गिटार देणाऱ्या बहिणीचं सुचलं.

पुढच्या थंडीत तुम्ही गेलात. छातीत दुखतंय म्हणून दाखवायला नेलं, आणि दोन दिवसांत सगळं संपलं. तुमच्या मागे ठेवलेल्या पुण्यानुमोदनाला विहारात पार्टी आली होती. मी भिंतीशी बसून सतरंजीच्या रेघा मोजत होते. काकांनी नंतर आईच्या फोनवर एक रेकॉर्डिंग पाठवलं, कुठल्याशा जयंतीच्या कार्यक्रमाचं, कुणीतरी गर्दीतून घेतलेलं. अकरा मिनिटांचं आहे. फटाके वाजतात, कुणीतरी "आवाज वाढवा" म्हणून ओरडतं, काका कडवं म्हणतात आणि मागून कोरस येतो.

आई ते अजून रविवारी दुपारी लावते, भाजी निवडत. मी समोर बसते. कोरस आला की तिचा हात थांबतो आणि ती माझ्याकडे पाहते. "आला ना बाबांचा आवाज?" ती विचारते. त्या सहा-सात आवाजांतून मला तुमचा आवाज वेगळा काढता येत नाही. ऑफिसात हेडफोन लावून, एकेक सेकंद मागे नेऊन ऐकलं आहे. एक जाडसर आवाज आहे, तो तुमचा असावा असं वाटतं. दुसऱ्या वेळी वाटतं, नाही, तो तर वाकून गाणाऱ्या ढोलकवाल्या काकांचा. तुम्ही घरात इतकी वर्षं गुणगुणत होता, आणि मी ऐकत नव्हते. आईला विचारलं तर ती एका क्षणात सांगेल, हा बघ, हा. पण मग तिला कळेल, की मला येत नाही.

म्हणून मी म्हणते, "हो, आला."