साक्षीचं पाणी

२८ मार्च २०२५, शुक्रवार

आले बाई एकदाची राजापेठेत! अकोल्याहून निघाले तेव्हा बसमध्ये शेजारच्या बाईने जिवंत कोंबडीची पिशवी माझ्या पायावर टेकवली होती. बडनेऱ्यापर्यंत मी पाय वर धरून बसले. आईला फोनवर सांगितलं तर हसत सुटली. म्हणे, तुले तं देवाच्या हातचा प्रसादही धुऊन लागते.

लागतो. मग? मला किळस येते, हा काही गुन्हा नाही.

खोली मात्र झकास मिळाली. वरचा मजला, खिडकीबाहेर कडुनिंब, खाली दिवसभर गाड्यांची पीं-पीं. घरमालक चिंतामणकाका, वकिली केव्हाच सोडलेली, आणि कुंदाकाकू. मुलगा स्वानंद पुण्याला. जेवण त्यांच्याकडेच. काकूंचं स्वयंपाकघर बघून मी मनातल्या मनात लोटांगण घातलं. ओट्यावर डाग नाही, फडक्याला वास नाही. काकू बोलायला जवळ आल्या तेव्हा तोंडाला कसलासा वास आला, मोरीसारखा, आणि त्यावर लवंगेचा. दात किडले असतील बिचारीचे. उद्यापासून गजेंद्र सरांच्या क्लासमध्ये आठवी-नववीचं गणित शिकवायचं.

३० मार्च, रविवार, पाडवा

आज या घरची गंमत पाहिली. पाडव्याला इथे प्रत्येकजण वर्षाचा एकच संकल्प सोडतो, आणि घरात जेवतो तो घरातला, म्हणून मलाही पाटावर बसवलं. आमच्या क्लासमध्येही भिंतीवर फळा आहे. प्रत्येकाचं वर्षाचं ध्येय, आणि पुढे त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार त्याचं नाव. जानेवारीत लिहिलेलं आत्ताच पुसट झालंय. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, फळ्याला चव नसते, म्हणून माणूस विसरतो.

त्यांची रीत अशी. तळहातावर पाणी घ्यायचं, संकल्प बोलायचा, साक्षी म्हणून एका माणसाचं नाव घ्यायचं आणि पाणी ताम्हनात सोडायचं. इथवर सगळीकडे असतंच. पण इथे ते पाणी तुळशीत जात नाही. प्रत्येकाच्या तांब्याच्या गडूत ओततात, वर भरीचं पाणी घालतात, तोंडाला पांढरं फडकं बांधतात आणि देवघराखालच्या फळीवर ठेवतात. पुढच्या पाडव्याला ज्याने त्याने आपलं पाणी प्यायचं. संकल्प पाळला असेल तर पाणी जसंच्या तसं राहतं म्हणे. वर्षभर साठवलेलं पाणी! काकांनी मागच्या वर्षीचा आपला गडू माझ्यासमोर गटागटा रिकामा केला आणि मिशा पुसल्या. काकूंनी दोन प्यायले, आपला आणि स्वानंदचा. दुसरा पिताना आमच्याकडे पाठ केली. बराच वेळ लागला त्यांना.

मी म्हटलं जाऊ दे, पुढच्या पाडव्याला कोण इथे राहतंय. संकल्प सोपा घेतला: आईशी रोज फोनवर बोलीन आणि एकदाही तिच्यावर खेकसणार नाही. साक्षी म्हणून आईचंच नाव घेतलं, सुभद्राबाई. बाबा गेल्यापासून मला आहे कोण दुसरं?

१७ एप्रिल, गुरुवार

अठरा दिवस सोन्यासारखी वागले हो. आज मात्र क्लास चालू असताना आईचे लागोपाठ फोन. काय तर म्हणे, जेवली का? घरून डबा नेला का? त्यात मिरची किती? पोरं फिदीफिदी हसायला लागली. मी व्हरांड्यात जाऊन अशी काही खेकसले की खालचा दुकानदार वळून बघायला लागला. आई एवढंच म्हणाली, बरं माय, ठेवतो.

संध्याकाळी पाणी प्यायला खाली गेले. माझ्या गडूचं फडकं मधोमध ओलं झालं होतं, रुपयाएवढं. बाकीच्यांची फडकी कोरडी. ओलं पाण्यासारखं नव्हतं, थुंकीसारखं चिकट होतं. मी बोट लावलं, कसली अवदसा आठवली कोण जाणे. साबणाने चारदा हात धुतला.

२ जून, सोमवार

नळ एक दिवसाआड, ऊन मरणाचं, आणि आईला माझ्या लग्नाची घाई. दर्यापूरचं एक स्थळ घेऊन बसली आहे. रोज तेच. मी रोज चिडते, सरळ लिहिते इथे. तोंडातून निघून जातं आणि मग वाईट वाटतं, आणि वाईट वाटलं की आणखी चीड येते.

देवघरातून वास येतो. माशा फक्त माझ्या फडक्यावर बसतात. मी काकूंना म्हटलं, गडू घासून टाकू का? त्या म्हणाल्या, तुझं आहे ते, त्याला मी हात लावत नाही. एवढ्या स्वच्छ बाईने असं म्हणावं, याचाच मला राग आला.

२४ ऑगस्ट, रविवार

गणपतीसाठी देवघर आवरलं. काकू बाजारात गेल्या होत्या. मी नाकाला ओढणी बांधली आणि फडकं सोडलं.

वर साय धरलेली. जाड, पिवळट, दुधावर येते तशी, आणि तिच्यावर बारीक बुडबुडे येत-जात होते. मी उदबत्तीच्या काडीने टोचली तर फाटली नाही. काडीबरोबर ताणून वर आली, आणि खालून असा भपका सुटला की मी ताम्हनातच ओकले. ताम्हनात, देवाच्या! चिंचेने घासून घासून नखं दुखली. आज साबुदाण्याची खिचडी पानात आली, चिकट-चिकट. तशीच उठले.

९ नोव्हेंबर, रविवार

आईचे केस गळताहेत. मूठ-मूठभर, म्हणे. परवा पुन्हा तेच गाऱ्हाणं सुरू केलं तेव्हा मी बोलून गेले, गळतात तर गळू दे, मी काय डिंक लावून चिकटवू?

आज गडू उघडला. सायीखाली केसांचा गुंता आहे. लांब केस. मेंदीने लाल झालेले आणि मुळाशी पांढरे. आईचे. मी तिची वेणी घातली आहे वर्षानुवर्षं, मी ओळखणार नाही?

काकूंसमोर जाऊन बसले आणि विचारलं हे काय आहे. त्यांनी शेंगा सोलता सोलता सांगितलं, कांदे-बटाट्याचा भाव सांगावा तसं. ज्याने संकल्प सोडला त्याने पाडव्याला ते प्यायचं. त्याने नाही प्यायलं तर साक्षीला प्यावं लागतं. स्वानंद दर पाडव्याला फोनवरून दारू सोडायचा संकल्प सोडतो, साक्षी म्हणून आईचं नाव घेतो, आणि प्यायला येत नाही. मी म्हटलं, माझी आई अकोल्याला, ती कशाला इथे येऊन पिईल?

काकू म्हणाल्या, "तहान लागते गं. मग माणूस येतो बरोबर."

आणि त्यांनी तोंड उघडून दाखवलं. जीभ हिरवी-काळी, ताक तांब्यात ठेवल्यावर कळकतं तशी कळकलेली. बुळबुळीत. हिरड्यांना तोच पिवळा थर. आठ महिने मी या बाईच्या हातचं जेवते आहे.

१४ डिसेंबर, रविवार

ठरवलं होतं की आता गोडच बोलायचं. बोलले. महिनाभर साखरेसारखी बोलले. तर आईला शंकाच यायला लागली. पुन्हापुन्हा विचारते, तुले बरं नाई का वं? काही लपवून राहिली का? कोण्या पोराचं काही आहे का? शेवटी सुटलाच तोल. "मले जगू दे ना जराशी!" असं ओरडले.

काकू म्हणतात गोड बोलून ते निवळत नाही. एकदा साचलं ते साचलं. खाली फळीवर काहीतरी फुटल्यासारखा आवाज आला मी ओरडले तेव्हा, ढेकर दिल्यासारखा.

११ जानेवारी २०२६, रविवार

आज ओतून टाकलं. मोरीत. पाणी म्हणायचं कशाला, ते बदाबदा पडलं, जाळीवर अडलं आणि मला ते खराट्याने ढकलावं लागलं. केस जाळीत गुंतले. फिनाईल ओतलं, गडू राखेने घासला, उपडा ठेवला.

जेवायला खाली आले तर गडू सुलटा. फडकं बांधलेलं. काठोकाठ भरलेला, जरा जास्तच, फडक्यातून पाझरत होता. मोरीतून वर दोन लाल केस आलेले. काकांनी पाहिलं आणि पेपर डोळ्यांसमोर धरला.

खोली बदलायची म्हटलं. पण जाऊन काय होणार? आईचं नाव तर घेऊन बसले आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार

आईला तहान लागते आहे. दोन दिवसांपासून. म्हणते, माठ रिकामा केला तरी तोंड कोरडंच, आणि कुठलंच पाणी गोड लागून नाही राहिलं. डॉक्टरकडे गेली, साखर नाही निघाली. ती म्हणाली, तुह्या तिकडचं पाणी चांगलं असंल.

मी प्यायचं. दुसरा मार्ग नाही. पाडव्याला, उठल्याउठल्या, आईला प्यावं लागायच्या आत. मी, जी हॉटेलात ग्लास पुसून घेते.

८ मार्च, रविवार

सवय व्हावी म्हणून रोज झाकण — फडकं — उघडून वास घेते. नुसता वास. रोज ओकते. वजन उतरलं आहे. क्लासमधल्या पोरीही लांब बसतात, माझ्या तोंडाला वास येतो म्हणे.

आज त्यात काहीतरी हललं. मऊ. मांसाच्या रंगाचं. जिभेएवढं —

नाही, जीभ नाही. जीभ असणार नाही.

१८ मार्च, बुधवार

आई उद्या येते म्हणते. पाडवा लेकीसोबत करायचा, पुरणपोळ्या घेऊन येते. मी नको म्हटलं. हात जोडून म्हटलं, नंतर ये, दोन दिवसांनी ये. ती म्हणे, मले राहवत नाई, लय तहान लागून राहिली.

मग मी तिला वाट्टेल ते बोलले. येऊ नको म्हणजे येऊ नको, तुझं तोंड नाही पाहायचं मला. तिला थांबवायचं होतं म्हणून बोलले! ती रडली.

गडू उतू जातो आहे. फळीवरून ओघळ खाली आला.

१९ मार्च, गुरुवार, पाडवा

गुढी उभारली काकांनी. गडू आणि ताम्हन वर खोलीत आणलं. आईची बस अकोल्याहून सुटली.

पहिला घोट. तोंडात घेतला. गिळला जात नाही, तो आपणहून सरकतो. केस जिभेला — ओकले. सगळं ताम्हनात.

काकू दारात आहेत. म्हणतात, ओकलेलं धरत नाहीत. तेही परत प्यायचं.

*

मूर्तिजापूर. आईने फोन केला. बसमधल्या सगळ्यांचं पाणी मागून प्यायली. बायकांनी बाटल्या लपवल्या म्हणे.

ताम्हनातलं प्यायले. आई गं. गरम होतं.

*

बडनेरा. अर्धा झाला. नाक दाबून, डोळे मिटून. दातात ते मऊ अडकलं होतं, चावावं लागलं. ते चावलं तेव्हा आतून — शब्द — माझाच आवाज. गळतात तर गळू दे. माझाच.

होतं आहे. होईल. चार घोट राहिले. मला करता येतंय हे. आई, मी पिते आहे सगळं, तू फक्त सावकाश ये.

*

राजापेठ. ऑटो थांबला खाली. दोन घोट.

काका म्हणत आहेत, या, या, बसा. काकू पाणी विचारत नाहीत, शहाणी बाई. आई विचारते आहे, माही पोरगी कुठी हाय.

एकच घोट. तळाला आहे. हातात घेतला —

जिना चढते आहे. पिशवी वाजते आहे. धापा टाकत म्हणते, "आचल, अगोदर पाणी दे वं माय."

वर येऊ नको म्हणून ओरडले मी. जोरात ओरडले. तोंडात आलं ते बोलले, अजून एक पायरी चढशील तर —

हात जड झाला. गडू पुन्हा काठोकाठ.

दार ढकललं. ओठ फुटलेत तिचे. हसते आहे. गडूकडे बघून हात पुढे करते आहे, आणि मी डाव्या हाताने घट्ट धरलाय पण आई माझ्यापेक्षा जोरात