अपात्र, कारण नाही

४ मार्च
धाकट्या भावाचा निकाल आला. मला किडनी द्यायला तो अपात्र — बस, एवढंच! कारण विचारलं तर डॉक्टरीणबाई म्हणतात, "ते सांगायची पद्धत नाही." वा रे पद्धत! वाहन परवान्याच्या परीक्षेत मी जन्मभर लोकांना अपात्र ठरवलं, पण प्रत्येकाला तोंडावर सांगितलं — आरसा बघितला नाहीत, चढावर गाडी मागे घसरली, पुन्हा या. हा तर बैलासारखा धडधाकट. याच्यात खोट ती कसली?

६ मार्च
डायलिसिस. चार तास छताकडे बघत पडले.

९ मार्च
भावजय आली, संत्री घेऊन. मला संत्री वर्ज्य, हे तिला पक्कं ठाऊक. स्वतःच सोलून खात बसली. खाता खाता बोलून गेली — "यांना एकट्याला आत बोलावलं होतं, ताई. मनापासून द्यायची आहे का, विचारतात. नाही म्हटलं की अपात्र लिहून देतात. घरात वितुष्ट नको म्हणून." मग जीभ चावली. फार उशिरा चावली.
म्हणजे तो नाही म्हणाला. आणि डॉक्टरीणबाईंनी त्याच्यावर पांघरूण घातलं. भेकड मेला!

१० मार्च
आमच्या परीक्षेत अपात्र झालेला माणूस मान खाली घालून घरी जायचा. हा अपात्र झाला तर नातेवाईक त्याचंच सांत्वन करतायत — "बिचारा, देणार होता हो." मला कुणाचा फोन नाही.

१४ मार्च
लेक म्हणते, मी देते. मला न विचारता तपासण्याही करून आली. सगळ्या उत्तम. अजून कॉलेज संपलं नाही तिचं! घसा बसेपर्यंत ओरडले. "तू नको म्हणालीस तरी देणार," म्हणाली. हट्टीपणा माझाच घेतलाय.

१५ मार्च
डॉक्टरीणबाईंना एकटीच भेटले. म्हटलं, भावावर केलेत तेवढे उपकार माझ्यावरही करा, लेकीला अपात्र ठरवा. म्हणाल्या, "आईच्या सांगण्यावरून आम्ही ठरवत नाही. तिला एकटीला विचारू." दगड आहे बाई. विचारून काय, ती हो म्हणणार!

२१ मार्च
लेकीला एकटीला आत बोलावलं. बाहेर आली ती अपात्र! बाहेर बाकावर ढसाढसा रडली. "मला द्यायची होती गं, आई." पाठीवरून हात फिरवला. सुटले एकदाची.
मग आत जाऊन डॉक्टरीणबाईंचे आभार मानले. त्या म्हणाल्या, "माझे कशाला? तुमच्या सांगण्यावरून मी काहीच केलं नाही."