निसरड्या फरशीची तक्रार प्रलंबित ठेवण्याबाबत

प्रति,
मा. प्रभाग अधिकारी,
प्रभाग कार्यालय,
दुसरा मजला (लिफ्ट नाही).

विषय : निकाली काढलेली आमची तक्रार पुन्हा प्रलंबित करून मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे पत्र (जावक क्रमांक शिक्क्याखाली गेल्याने वाचता येत नाही, मजकूर मात्र दुर्दैवाने स्पष्ट आहे).

महोदय,

१. मी खाली सही करणार शिवणकाम करते. माझ्या मोठ्या जाऊबाई कापड बेततात आणि मी शिवते, असा आम्हा दोघींचा एका घरात, एकाच टेबलावर व्यवसाय आहे. (घरी आम्ही एकमेकींना अगं-तुगं करतो. अर्जात बरे दिसत नाही म्हणून येथे 'त्या' म्हटले आहे.) आमच्या गल्लीच्या तोंडाशी आपल्या कार्यालयाने पदपथावर नवी गुळगुळीत फरशी बसवली. तीत तोंड पाहता येते. जाऊबाईंनी ते फारच जवळून पाहिले, आणि त्यांचे मनगट मोडले. डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितले की हाडे ठिसूळ झाली आहेत. मनगट ही पहिली नोटीस समजा, दुसरी खुब्याकडून येईल.

२. यावर जाऊबाईंनी स्वतःच एक उपाय काढला, तो म्हणजे न हलणे. काचेची बरणी फळीवर ठेवावी तसे त्यांनी स्वतःला पलंगावर ठेवून दिले. पाणीसुद्धा मागून घेऊ लागल्या. शेवटी रुग्णालयात व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी त्यांना झापले, "आजी, हाडं कामाची असतात. काम दिलं नाही तर आणखी खंगतात." त्यावर "आजी कुणाला म्हणतेस गं?" एवढे विचारण्यापुरत्या जाऊबाई उठून बसल्या, आणि तेथून सुधारणा सुरू झाली. ताईंनी लावून दिलेला व्यायाम असा : चालणे, भक्कम आधार धरून टाचा उचलणे, हात न टेकता बसल्या जागेवरून उठणे, कठडा धरून जिना चढणे-उतरणे. वर्ज्य असे : पाठीची कमान करून पुढे वाकणे, वाकलेल्या अंगाला पीळ देणे, उड्या, झटके आणि शेजाऱ्यांचे सल्ले. दूध, कोवळे ऊन आणि डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेतच.

३. परंतु आमच्या घरात भक्कम असे काही नाही. खुर्च्या प्लास्टिकच्या, माणूस उठले की त्याही उठतात. जाऊबाईंनी बेसिन धरून टाचा उचलल्या, तर बेसिनच भिंत सोडून निघाले. (जाऊबाई वेळीच बाजूला झाल्या.) चालायला बाहेर पडावे तर दारातच आपली फरशी.

४. म्हणून आम्ही फरशी खरखरीत करून कडेला कठडा लावण्याची तक्रार दिली. पडलेली व्यक्ती समक्ष हवी असे सांगण्यात आल्याने जाऊबाईंना रिक्षाने आपल्या फाटकाशी आणले आणि धीर देत देत वर चढवले. तेथे आम्हाला जो लाभ झाला त्याबद्दल आपल्या कार्यालयाचे आभार मानणे माझे कर्तव्य आहे. आपले बाक जमिनीत पक्के रोवलेले आहेत आणि ताईंनी सांगितली तीच त्यांची उंची आहे. जिन्याचा कठडा लोखंडी असून दोघींनी लोंबकळले तरी हूं की चूं करत नाही. फरशी जुनी व खरखरीत आहे. (नवी फरशी कार्यालयाने स्वतःसाठी का वापरली नाही, हा वेगळ्या अर्जाचा विषय आहे.) दर वेळी "उद्या या" असे सांगण्यात आल्याने आम्ही रोज येत असू. शिपाई "साहेब आले" म्हणाले की आम्ही हात न टेकता उठत असू, आणि "ते दुसरे साहेब" म्हणाले की सावकाश बसत असू. आपल्या कार्यालयात साहेब पुष्कळ असल्याने व्यायाम पोटभर होई.

५. पाणीपट्टीच्या कामासाठी येणाऱ्या एक काकूही आमच्यात आल्या. आस्थापना विभागाच्या हेडक्लार्कनाही उत्साह आला. ते म्हणाले, "हा काय पोरखेळ? अंगठे धरा अंगठे!" जाऊबाई म्हणाल्या, "अंगठे शाळेत पुष्कळ धरले साहेब, तेव्हा हाडं नवी होती. आता वाकून मणका दबला तर तुम्ही सरळ कराल का?" त्यानंतर हेडक्लार्क आमच्याबरोबर टाचाच उचलतात. येथे एक नम्र सूचना. अर्ज घेण्याची आपली खिडकी इतकी खाली आहे की कमरेत वाकल्याशिवाय आतल्या बाईंशी बोलता येत नाही. नागरिकाने वाकलेच पाहिजे असा नियम असल्यास आमची हरकत नाही, पण जाऊबाईंना डॉक्टरांची मनाई आहे. त्या पाठ ताठ ठेवून, खुबे मागे नेऊन, गुडघ्यांतून खाली जातात. पहिल्यांदा खिडकीतल्या बाईंना वाटले की अर्जदार चक्कर येऊन पडल्या, आणि त्यांनी पाणी मागवले. आपल्या कार्यालयात आम्हाला मागण्याआधी मिळालेली ती एकमेव गोष्ट.

६. अशा रीतीने सर्व सुरळीत चालू असताना संदर्भाधीन पत्र आले. त्यात म्हटले आहे की, "सदर ठिकाणी त्यानंतर कोणीही पडल्याची नोंद नसल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे." महोदय, कोणी पडले नाही कारण त्यावरून कोणी जात नाही. सगळी गल्ली गाड्या चुकवत रस्त्यावरून चालते. विहिरीवर कोणी फिरकत नाही म्हणून पाणी गोड ठरत नाही. पेपरवाले काका आम्हाला म्हणाले, "वहिनी, नोंदच हवी ना? मी पडतो. माझी हाडं शाबूत आहेत." मी त्यांना हात जोडून थांबवले. तरी ते रोज येता-जाता फरशीकडे आशेने बघतात. ते खरेच पडल्यास जबाबदारी कोणाची, हे लेखी कळावे.

७. तक्रार निकाली निघाल्याचा तातडीचा परिणाम असा की फाटकावरचे रखवालदार आम्हाला आत सोडत नाहीत. काम प्रलंबित असेल त्यालाच प्रवेश, असा नियम ते दाखवतात. "काम काय?" असे त्यांनी विचारल्यावर जाऊबाईंनी खरे ते सांगितले, "टाचा उचलायच्या आहेत." रखवालदार म्हणाले, "मावशी, मला तुमची कीव येते, पण टाचांचा विभाग आपल्याकडे नाही." माणूस भला आहे, त्यांच्याविरुद्ध तक्रार नाही. मात्र नवीन अर्ज घेऊन येणाऱ्यास अडवता येत नाही असेही त्यांनीच हळूच सुचवले. प्रस्तुत अर्जाचे ते एक कारण आहे.

८. दुसरे कारण लिहिताना मला जड जाते, तरी लिहिते. जाऊबाईंचा मुलगा, माझा पुतण्या, दूर नोकरीला असतो. आईवर माया आहे, पण ती काळजीच्या रूपाने बाहेर पडते. तो म्हणाला, "काकू, तुला तुझंच होत नाही, तू आईला काय सांभाळणार? माझ्याकडे येऊ दे. खुर्चीत बसवतो, दिवसभराची बाई ठेवतो, जागचं हलू देणार नाही." म्हणजे ज्या गोष्टीला डॉक्टर आजार म्हणतात, तीच तो सेवा म्हणून करणार. मी त्याला सांगितले, तुझी आई उभी राहून कापड बेतते तेव्हा कात्री कशी चालते ते एकदा बघ. तो म्हणाला, आधी तिला कोणाचा हात न धरता जिना चढताना बघतो, मग बोलू. तो आला आहे. त्याने आईची बॅगसुद्धा भरून ठेवली आहे. जाऊबाई फक्त कात्री बॅगेत ठेवू देत नाहीत. त्या गेल्या तर धंदा मोडेल, त्याचे मी काहीतरी करीन. पण रोज सकाळी "बाही तोकडी केलीस, डोळे कुठं होते?" असे मला कोणी म्हणणार नाही, त्याची सोय मला करता येणार नाही.

९. तरी मायबाप अधिकाऱ्यांस विनंती की,
(अ) सदर फरशी खरखरीत करून कठडा लावावा, म्हणजे आम्ही आमच्या गल्लीत चालू आणि आपले बाक मोकळे होतील; किंवा
(ब) ते होईपर्यंत आमची तक्रार प्रलंबित ठेवावी. प्रलंबित ठेवण्यास खर्च नाही व आपल्या कार्यालयास त्याचा सराव आहे, आणि
(क) पेपरवाले काकांना आपण स्वतः समज द्यावी.

१०. हा अर्ज जाऊबाई स्वतः घेऊन येत आहेत. त्या कठडा धरून एकेक पायरी चढतील. पुतण्या खाली उभा राहून बघेल. मी त्याच्या शेजारी उभी राहीन, कारण वर आले तर माझा हात आपोआप पुढे जाईल. कृपया शिपायांना सांगून ठेवावे की मध्ये कोणी हात देऊ नये, "सांभाळून" असेही ओरडू नये. दचकून माणूस पडते. त्या आपल्या टेबलापाशी पोचल्यावर आपण जागेवर असाल तर उत्तम. नसाल तर त्या बसतील आणि आपण आलात की हात न टेकता उठतील. अर्ज वाचून आपणास निर्णय घ्यावासा वाटला तर घ्यावा. पण आपण नुसते "उद्या या" म्हणालात तर आमच्यावर त्याहून मोठे उपकार होतील. कारण मग सरकारी काम अर्धवट टाकून त्यांना आज कोणी घेऊन जाऊ शकणार नाही, आणि उद्या त्या येतील.

आपल्या निर्णयाची मुळीच घाई नसलेली,
आपली नम्र,

(सही)
पडलेल्या बाईंची धाकटी जाऊ

दिनांक : आपला शिक्का पडेल तो

सोबत :
१. न वाकण्याबाबत डॉक्टरांची चिठ्ठी.
२. फरशीचे छायाचित्र (त्यात छायाचित्र काढणारी अर्जदारही दिसते, त्यास इलाज नाही).
३. जाऊबाई. मूळ प्रत असून दुसरी उपलब्ध नाही. पाहून परत द्यावी.