एकेकट्याच्या रेकॉर्डी

पप्पा,

रविवारी चर्चहून आलो की बूट काढायच्या आधी तुम्ही खिडकीचा पडदा ओढायचात, रेकॉर्डवर ऊन पडू नये म्हणून. आई आत मटणाला फोडणी देत असायची, त्या ठसक्याने सगळं रेल्वे क्वार्टर खोकायचं, आणि तुम्ही मला म्हणायचात, "हात धुऊन ये." मी हात धुऊन, फ्रॉकला न पुसता तसेच हवेत धरून यायचे. मग नवी पेठेतून आणलेल्या मलमलच्या तुकड्याने तुम्ही रेकॉर्ड पुसायचात, मी कव्हरवरचं इंग्रजी वाचून दाखवायचे, आणि कॉन्व्हेंटच्या फीचा काहीतरी उपयोग होतोय म्हणून आई आतून बघून जायची.

हे आज लिहायला बसण्याचं कारण मामा. परवा त्याचा पुण्याहून फोन आला होता. गुरुवारी त्याच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. ऐंशीच्या पुढच्या माणसाला डॉक्टर जे सांगतात ते सगळं त्याला सांगून झालंय. इकडचं तिकडचं बोलला आणि मग एकदम म्हणाला, "एक विचारू का गं? दाजींनी माझी टेप ऐकली हुती का कधी?" मी म्हटलं, मामा, दूध उतू जातंय, नंतर करते. दूध नव्हतं. पण तुम्ही मला बजावून ठेवलं होतं, मामाला हे कळता कामा नये म्हणून, आणि तुमचं ते बोलणं मी इतकी वर्षं पाळलं. आता काय करू ते मला कळत नाही. म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

तो रेकॉर्डींचा खोका आठवतो तुम्हाला? आपल्या क्वार्टरच्या लाइनीतले इंजिन ड्रायव्हर ऑस्ट्रेलियाला कायमचे निघाले तेव्हा त्यांनी मुलाचा खोका आपल्या दारात ठेवला, कारण बोटीवर वजनाची भानगड. त्यात इंग्लंडच्या त्या पाच जणांच्या बँडच्या रेकॉर्डी होत्या. प्रोग्रेसिव्ह रॉक, असं मी कव्हरवरून वाचलं, आणि तुम्ही म्हणालात, "म्हणजे लांबलचक." एक गाणं अख्खी बाजूभर चालायचं. आणि त्याच खोक्यात, खाली, त्याच पाच जणांच्या एकेकट्याच्या रेकॉर्डी. त्या तुम्हाला खटकल्या. बँड चालू असताना प्रत्येकाने आपली वेगळी चूल मांडायची म्हणजे काय? तरी तुम्ही त्या सोडल्या नाहीत. आधी बँडची बाजू लावायचीत, मग त्यातल्या एकाची, आणि ऐकताना विचारायचात, "सांग, इथं कोण नाही?"

ऑर्गनवाल्याने आपल्या रेकॉर्डमध्ये अख्खा वाद्यवृंद घातला होता, वर कॉयर. तुम्ही हसायचात. "एक माणूस गेला की त्याच्या जागी किती आणावे लागतात बघ." गाणाऱ्याने सगळी वाद्यं स्वतःच वाजवली होती, रिकाम्या घरात मूल स्वतःशीच बोलत खेळतं तसं ते वाटायचं. तुमचं म्हणणं ठरलेलं, की बँडमध्ये हीच माणसं सोनं, आणि एकटी झाली की पितळ. आम्ही सगळे मान डोलवायचो. मामाही डोलवायचा, सुरुवातीला.

तुमचा बँडही तेव्हा भरात होता. तुमचं अकॉर्डियन, मामाची गिटार, तुमच्या इंजिन शेडमधले दोघे, एक ड्रमवर आणि एक ट्रम्पेटवर. रेल्वेच्या क्लबात नाताळचे डान्स, चर्चमधली लग्नं, आणि बाहेरचीही. मंद्रूपच्या त्या वरातीत मामाची तार तुटली आणि ऐन गाण्यात तो थांबला, तेव्हा तुम्ही त्याचे सूर असे उचललेत की घोड्यावरच्या नवरदेवालाही कळलं नाही. परतताना टेम्पोत मामा तुमच्या पायाला हात लावायला लागला, आणि तुम्ही म्हणालात, "तार बदल आधी, गाढवा."

मग मुंबईचा तो माणूस आला. क्लबातल्या एका लग्नात त्याने मामाला ऐकलं आणि स्टुडिओत ये म्हणाला. मामाने हे तुम्हाला सांगितलं नाही, आईला सांगितलं. आईने तुम्हाला सांगितलं. त्या दिवसापासून आपल्या घरात तुमच्या दोघांचं रेकॉर्डींवरून सुरू झालं. मामा जेवायला यायचा, तुम्ही एकमेकांकडे बघायचा नाहीत. तुम्ही बँडची रेकॉर्ड लावायचात. ती संपली की मामा उठून ड्रमरची एकट्याची लावायचा. मग तुम्ही पुन्हा बँडची, आवाज वाढवून. आई भाकऱ्यांची दुरडी आपटून म्हणाली, "तुमचं काय ते तोंडानं बोला की. मधल्या मधे माझी शेंगाचटणी करू नका." तिचा भाऊ आणि तिचा नवरा. ती कुणाला वाढताना आधी वाढते याकडेही दोघांचं लक्ष असायचं.

आणि मग ती शनिवारची दुपार. तुम्ही क्लबातला रेकॉर्ड प्लेअर सायकलवर बांधून घरी आणता. आपल्या प्लेअरच्या शेजारी ठेवता. शेडमधून ड्युटी करून आला आहात, नखांत अजून काळं तेल आहे. मामा दारात उभा, त्याचं मुंबईचं तिकीट खिशात, आणि ते सगळ्यांना माहीत आहे.

"बस," तुम्ही म्हणता. "एका इंजिनाचे भाग सुटे केले, चार ठिकाणी ठेवले, तरी परत जोडले की इंजिन चालतं. चालतं का नाही?"

"चालतं की."

"मग ऐक."

एका प्लेअरवर तुम्ही ऑर्गनवाल्याची रेकॉर्ड ठेवलीत, दुसऱ्यावर गाणाऱ्याची. दोन्ही सुया एकदम टेकवायला मला बोलावलंत. एक तुमच्या हातात, एक माझ्या. तुमचा खरोखरच विश्वास होता, पप्पा. आयुष्यभर फिटरचं काम केलेल्या माणसालाच असा विश्वास वाटू शकतो. दोघं एकाच बँडचे, तेव्हा एकमेकांत बसणारच, दोन सुया टेकल्या की मधून तो बँड उभा राहणार, आणि मामाला दिसणार की आपण कुणाचे आहोत.

काय आवाज आला तो! कॉयर एकीकडे, हा गाणारा गळा काढतोय दुसरीकडे. बाहेर कुत्रं भुंकायला लागलं. आई कणकेच्या हातांनी धावत आली. "अगं बाई! कोण मेलं?" मला हसू फुटलं आणि तुमच्या तोंडाकडे बघून जिथल्या तिथे विरलं. तुम्ही सुई उचलून पुन्हा टेकवलीत. जरा पुढे. मग जरा मागे. कपाळावर घाम.

"दाजी," मामा म्हणाला, फार हळू, "ऱ्हाऊ द्या. ती दोघं एकमेकांची वाट बघत न्हाईत."

तुम्ही दोन्ही प्लेअर बंद केलेत. मग तुमचा आवाज चढला. "एकटा वाजवशील. वाजव. पण चुकलास तर झाकणार कोण?"

"झाकायला कुणी नसलं, की चुकलेलं तरी माझं असंल की."

आईने मामाच्या हातात भाकरी-चटणीची पुरचुंडी दिली, तो गेला. तुमचा बँड पुढच्या नाताळापर्यंत कसाबसा चालला.

काही महिन्यांनी टेप आली. मामाची एकट्याची गिटार, बाकी कुणी नाही. आईने ऐकली, डोळे पुसले. मी तुम्हाला म्हटलं, "पप्पा, किती छान आहे, ऐका ना." तुम्ही वर्तमानपत्र खाली न घेता म्हणालात, "अभ्यास कर." असा आवाज तुम्ही माझ्यावर कधी काढला नव्हता. ती टेप कपाटात गेली. मामा नाताळाला यायचा, तुम्ही दोघं मटणावर आणि उन्हावर बोलायचात, टेपचा विषय कधी निघाला नाही. तुम्ही गेलात तेव्हाही निघाला नव्हता.

पण तुम्ही ऐकली होतीत. सिस्टरांनी एकदा शाळा लवकर सोडली होती, आई बाजारात होती, आणि तुमची रात्रपाळी म्हणून तुम्ही घरी. दारातूनच मला अकॉर्डियन ऐकू आलं. टेपरेकॉर्डर टेबलावर उघडा पडला होता, मागचं झाकण काढलेलं, शेजारी बारीक स्क्रूड्रायव्हर. मामाची गिटार टेपवर जरा खाली लागायची, आणि अकॉर्डियनची पट्टी काही बदलता येत नाही. म्हणून तुम्ही मोटरचा स्क्रू फिरवून टेपचीच चाल वाढवली होती, ती तुमच्याशी जुळेपर्यंत. आणि वाजवत होतात फक्त डाव्या हाताने, साथीपुरतं. उजवा हात पट्ट्यांवर नुसता ठेवलेला. मामा जिथे थांबत होता तिथे तुम्ही थांबत होतात. एका जागी तो चुकला, आणि तुम्ही ते झाकलं नाहीत. हात काढून घेतलात आणि त्याला चुकू दिलंत.

मी दिसले तेव्हा तुम्ही घाबरलात. घाबरलेले तुम्ही मी तेवढ्या एकदाच पाहिले. "मामाला हे कळता कामा नये," म्हणालात. मग जरा वेळाने, "उलटी कर ती. दुसरी बाजू लाव." मी लावली आणि तिथेच जमिनीवर बसले. त्यानंतर आईच्या चर्चच्या गाण्यांच्या सगळ्या टेपा घाईत चालायच्या, आणि ती म्हणायची, "हल्ली सगळ्यांनाच कुठली गाडी पकडायची असते?"

इथपर्यंत लिहिलं आणि पेन ठेवून उठले, पप्पा. फोन केला. तुमची परवानगी घेतली नाही.

मामा सगळं ऐकून घेत राहिला. मग त्याने वाजवणाऱ्या माणसासारखं नाही, फिटरच्या मेव्हण्यासारखं विचारलं, "पण पट्टी जुळली कशी? माझी गिटार उतरलेली हुती."

"मोटरचा स्क्रू फिरवला त्यांनी."

मला वाटलं आता तो फोन त्याच्या सुनेच्या हातात देईल. मग म्हणाला, "म्हंजी माझ्यासाठी मशीन उघडलं त्यांनी." आणि नंतर, "लई हट्टी माणूस. मीबी." ऑपरेशनचं काहीच बोलला नाही. फक्त म्हणाला की गुरुवारी सकाळी तुझ्या आईचं ते चर्चचं गाणं म्हण, पण सावकाश म्हण.

आता वाटण्या लिहून ठेवते, कारण माझंही वय झालंय आणि मुलं अमेरिकेतून विचारतात की या खोक्याचं काय करायचं. अकॉर्डियन चर्चला, भाता दुरुस्त करून घेतला आहे. टेप मामाला, उद्या सकाळच्या गाडीने मी स्वतः घेऊन जाते. बँडच्या रेकॉर्डी मोठ्या लेकीला, कारण तिच्या घरात सतत भांडणं असतात आणि ती भांडणं ऐकू आली नाहीत तर तिला करमत नाही. त्या बँडमध्येही मला आता तेच ऐकू येतं, पाच माणसं एकमेकांना कोपरं मारत एका बाकावर बसलेली, आणि कुणी उठत नाही. ऑर्गनवाल्याची आणि गाणाऱ्याची रेकॉर्ड धाकट्याला; दोन्ही एकदम लावायच्या नाहीत असं कव्हरवर लिहून.

ड्रमरची मात्र मी कुणाला देत नाही. बँडच्या सगळ्या रेकॉर्डींपेक्षा मला तीच आवडते, पप्पा, पहिल्यापासून. तुमच्या घरात हे बोलायची सोय नव्हती.