सेनापतीचा हुकूम आणि माझा अर्ज

शुब्रा, कैरो

आदरणीय मेहुणे अद्लीभाऊ यांस, वगदीचा सलाम. तुमची कंबर कशी आहे? वहिनींचा खोकला थांबला का? इकडे देवाच्या कृपेने सगळे खुशाल आहेत, म्हणजे मी सोडून.

बसमधून उतरताना पडलो आणि दोन्ही मनगटं प्लास्टरमध्ये गेली, हे इन्साफने फोनवर सांगितलंच असेल (तुमची बहीण ती, हसत हसत सांगितलं असेल). मुख्याध्यापकपदाचा अर्ज गुरुवारपर्यंत द्यायचा, म्हणून तोंडी हुकमावर चालणारा कॉम्प्युटर आणला. त्याला फक्त पुस्तकी अरबी कळते. म्हटलं, बरंच झालं! भंगारवाला कर्ण्यातून कितीही ओरडो, इन्साफ बाल्कनीतून टोपली सोडून वाण्याशी कितीही भांडो, या गल्लीत पुस्तकी अरबी बोलतंय कोण? बावीस वर्षं ती शिकवतोय, माझे विद्यार्थीसुद्धा बोलत नाहीत.

पण तुमच्या मातोश्री दुपारी ऐतिहासिक मालिका लावतात, आणि त्यातले सेनापती शुद्ध पुस्तकी अरबीतच गर्जतात. (आईंना ऐकू कमी येतं, त्यामुळे एक गर्जना तीन इमारतींना पुरते.) परवा ई-मेलच्या वर शिक्षणाधिकाऱ्यांचा पत्ता घातला आणि अर्जाआधी जरा घसा मोकळा करावा म्हणून त्यांच्याबद्दलचं माझं प्रामाणिक मत सांगत बसलो: हा गृहस्थ व्याकरणात ढ आणि मेजवानीत पहिला. तेवढ्यात सेनापती कडाडला, "पाठवा! आत्ताच्या आत्ता पाठवा!" कॉम्प्युटरने पाठवलं.

मी धावत जाऊन ओरडलो, "आई, आवाज कमी करा हो, माझी खुर्ची गेली!"

"जाऊ द्या हो जावईबापू," त्या म्हणाल्या, "किल्ला तर आला हातात!"

शिक्षणाधिकाऱ्यांचं एका ओळीचं उत्तर आलंय: गुरुवारी नवा अर्ज घेऊन समक्ष भेटा. तेव्हापासून मला जेवण जात नाही. बाकी सर्व ठीक. मुलांना आशीर्वाद.

आपला,
वगदी

ता. क. गुरुवारपर्यंत आईंना तुमच्याकडे तांता शहरी घेऊन जाल का? तिकडची हवा त्यांना फार मानवते.

ता. क. २. अद्ली, बाळा, मी तुझी आई. जावईबापू चहाला उठलेत. सेनापतीसारखं बोललं की हे यंत्र माझंही ऐकतं. मी कुठेही येणार नाही. आणि मला छान ऐकू येतं. हे दिवसभर 'मी विद्वान, मी कर्तव्यदक्ष, मी विद्यार्थिप्रिय' असं ओरडत बसतात, ते कानावर पडू नये म्हणून मी आवाज वाढवते. त्या अधिकाऱ्याबद्दल बोलले ते मात्र मी कान देऊन ऐकलं. सबंध अर्जात तेवढंच काय ते खरं होतं.